मुलाने लावून दिलेलं दुकान

लग्न होऊन मी मंडणगडकडच्या एका खेड्यातून रत्नागिरीत आले, आणि दोनच महिन्यांत नवरा परत जहाजावर गेला. मांडवीच्या बाजूला सासू-सासरे आणि मी, असं आमचं घर. माणसं वाईट नव्हती. पण संध्याकाळ झाली की मला घर खायला उठायचं. समुद्रावर एकटी जाऊन बसले तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी सासूबाईंना विचारायचं, "सूनबाई काल किनाऱ्यावर दिसल्या, सगळं बरं आहे ना?" देवळात किती वेळ बसणार आणि भाजी किती वेळ निवडणार? काही कारण न सांगता बाईमाणसाला तासभर उभं राहता येईल अशी जागा मला अख्ख्या गावात एकच सापडली. ते बाजारपेठेतलं पुस्तकांचं दुकान होतं.

दुकान अरुंद आणि लांबट. दर्शनी भागात वह्या, पट्ट्या, पंचांगं, पोथ्या. आत गेलं की दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर कथा-कादंबऱ्या, चरित्रं, स्वयंपाकाची पुस्तकं, बागायतीची पुस्तकं, सगळं एकमेकांना चिकटून. पावसाळ्यात आमच्याकडे चपलांनासुद्धा बुरशी येते, तिथे कागदाचं काय सांगावं! मालक कपाटांत पिवळे बल्ब लावून ठेवायचे, फळ्यांवर कडुनिंबाचा पाला आणि कापूर टाकायचे. त्यामुळे त्या दुकानाला एक वेगळाच वास होता. मला अजून कुठे कापराचा वास आला तरी ते दुकान आठवतं, देव नाही आठवत.

मालकांना मी पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागले. तेव्हा ते जेमतेम चाळिशीचे असतील. मी एक कादंबरी हातात घेऊन उभ्याउभ्या वाचत होते. काकांनी पाहिलं आणि एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी घाबरून म्हटलं, "घेणार आहे मी हे."

"घे नाहीतर नको घेऊ," ते म्हणाले. "पण बस गो. उभ्याने वाचलेलं पायात उतरतं."

तेव्हापासून मी तिथे जात राहिले. पुढे मला सरकारी कचेरीत नोकरी लागली, मुलं झाली, मोठी झाली, नवरा बोटीवरून कायमचा घरी आला. पण आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी त्या दुकानात डोकावणं कधी सुटलं नाही.

काका कमी बोलायचे, पण दुकानाचा विषय निघाला की खुलायचे. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलं होतं. त्या काळी मुंबईहून माल आगबोटीने यायचा. पुस्तकांचे गठ्ठे गोणपाटात बांधलेले असत आणि पडावातून किनाऱ्याला आणताना त्यांतला एखादा हमखास भिजायचा. मग काकांची आई घराच्या अंगणात पुस्तकं पानं उघडून वाळत घालायची, शेजारी आंबोशी वाळत असायची. "तेव्हा आई बाहेर बसून कावळे राखायची," काका सांगायचे. "आंबोशीसाठी. पुस्तकाला कावळा शिवत नाही." शिमग्याला आणि गणपतीला मुंबईचे चाकरमानी यायचे. त्यांतले कितीतरी जण गिरणीत नाहीतर गोदीत कामाला होते, पण परत जाताना एखादं पुस्तक घेऊन जायचे. कोणी बायकोला वाचता यावं म्हणून अंकलिपी न्यायचा. बोटीवरचे लोक सहा-सहा महिन्यांना पुरतील अशी जाडजूड पुस्तकं मागायचे. माझ्या नवऱ्याने काकांकडून नेलेली एक कादंबरी तीन जहाजं फिरून आली, आणि आली तेव्हा तिला मुखपृष्ठ नव्हतं.

नंतर दिवस पालटले, ते सगळ्यांना ठाऊकच आहे. पुस्तकं घरपोच यायला लागली. मुलं मोबाइलवर वाचतात, किंवा वाचत नाहीत. गावातली दुसरी दुकानं हळूहळू झेरॉक्स आणि भेटवस्तूंवर आली. काकांचं दुकान पाठ्यपुस्तकांवर आणि दिवाळी अंकांवर तगून होतं. त्यांच्या मुलाने त्यात पडावं असं त्यांनाही कधी वाटलं नाही. तो शिकून मुंबईला नोकरीला लागला.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट दुकान न चालण्याची नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. काका सत्तरी ओलांडून पुढे गेले होते. एका संध्याकाळी मी गेले तर एक बाई तावातावाने बोलत होती. तिने मुलासाठी नववीचं विज्ञानाचं पुस्तक मागितलं होतं आणि काकांनी दहावीचं दिलं होतं, तेही दुसऱ्यांदा. काका "चुकलं, चुकलं" म्हणत होते. ती गेल्यावर मला म्हणाले, "चष्म्याचा नंबर बदलला बहुतेक."

मी मनावर घेतलं नाही. त्या दिवसांत मला आणखी एक गोष्ट दिसत होती. काका दुकानात वावरताना त्यांचा उजवा खांदा फळीला घासायचा. इतकी वर्षं ज्या बोळातून ते डोळे मिटून चालले असते, तिथे ते अडखळायला लागले होते. समोरचं वर्तमानपत्र घडीसुद्धा न मोडता पडलेलं असायचं. मला म्हणायचे, "जरा वाचून दाखव गो, काय म्हणतायत आज." चष्मा तर नाकावरच असायचा.

मग एक दिवस असा आला की झाकून ठेवण्यासारखं काही उरलं नाही. काकांना पुण्याहून काही पुस्तकं मागवायची होती. त्यांनी माझ्यासमोर बसून कागदावर नावं लिहिली. अक्षर नेहमीचंच, वळणदार, शाळेतल्या गुरुजींसारखं. फोनवर ती नावं मी वाचून दाखवावीत असं ते म्हणाले. एक शब्द मला लागेना.

"काका, हे काय लिहिलंय?"

त्यांनी कागद घेतला, जवळ धरला, मग लांब धरला. कागदाच्या कडेवरून त्यांचं बोट उगाच फिरत राहिलं.

"मला नाही कळत," ते म्हणाले.

"अहो, तुमचंच अक्षर आहे."

"म्हणूनच सांगतोय. आत्ताच लिहिलं ना मी हे? लिहिताना कळत होतं. आता बघतो तर..." त्यांनी कागद खाली ठेवला. "मोहल्ल्यात उर्दू पाट्या बघतो ना आपण, तसं. अक्षर आहे एवढं कळतं. पुढे काही नाही."

मी खुर्चीतून उठले. "कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून. सकाळी उठलो, पेपर उघडला आणि वाटलं, आज छपाईच बिघडली आहे." ते हसायला गेले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "घरी सांगू नको. तुझी काकू रडेल."

मी त्याच संध्याकाळी काकूंना सांगितलं. त्या रडल्या नाहीत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "तरीच. आरतीचं पुस्तक उलटं धरलं होतं परवा." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी काकांना घेऊन दवाखान्यात गेलो, तिथून कोल्हापूरला. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढून समजावलं. मागच्या बाजूची एक बारीक शीर बंद झाली होती. डोळे ठीक होते, बोलणं ठीक होतं, हात लिहू शकत होता. दिसलेलं अक्षर जिथे ओळखलं जातं तेवढीच वाट बंद पडली होती. उजवीकडचं थोडं दिसेनासं झालं होतं तेही त्यामुळेच. पुन्हा झटका येऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. वाचायचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "या वयात फार आशा धरू नका. जीव वाचला हे बघा."

परतीच्या गाडीत काका खिडकीकडे बघत बसले होते. घाटात एकदा म्हणाले, "सगळीकडे लिहून ठेवलंय गो. दगडावर, झाडावर, ट्रकच्या पाठीवर. पूर्वी कधी लक्षात नाही आलं किती लिहिलेलं असतं."

मला वाटलं होतं आता दुकान बंद होईल. पण काका आठवड्याभरात परत गल्ल्यावर येऊन बसले. आणि खरं सांगते, गिऱ्हाइकाला काही कळलं नाही. कारण त्या दुकानातल्या प्रत्येक पुस्तकाची जागा त्यांच्या अंगात होती. कोणी नाव सांगितलं की ते उठायचे, बोळात शिरायचे, हात वर जायचा, पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरायचं, जाडी चाचपली जायची आणि पुस्तक बाहेर यायचं. एखादं चुकायचं, पण म्हातारा माणूस म्हणून लोक सोडून द्यायचे. एकच नवी गोष्ट झाली होती. कोणी पुस्तक चाळून परत ठेवायला लागलं की काका झटकन म्हणायचे, "राहू दे, राहू दे. मी ठेवतो."

शालेय पुस्तकांच्या हंगामात मी आणि काकू आळीपाळीने बसलो. काकू लग्न झाल्यापासून दुकानाची पायरी क्वचितच चढल्या होत्या. आता त्या दुपारी डबा घेऊन यायच्या आणि तिथेच थांबायच्या. मला एकदा म्हणाल्या, "जन्मभर पुस्तकातून मान वर काढून बोलले नाहीत माझ्याशी. आता मान वर आहे तर गप्प बसून असतात. माझं नशीबच असं."

मी काकांना वाचून दाखवायचा प्रयत्न केला होता. त्यांच्या आवडीचं एक प्रवासवर्णन घेतलं. चार-पाच पानं झाल्यावर त्यांनी हात वर केला. "नको. तू वाचतेस तेव्हा तू पुढे जातेस आणि मी मागे राहतो. मला एका ओळीवर थांबायचं असतं. तुला कसं सांगणार, थांब म्हणून?" मी म्हटलं, सांगा की, थांबेन. पण त्यांनी पुन्हा कधी वाचायला सांगितलं नाही.

गणपतीला मुलगा आणि सून आले. आमचा गणपती गावच्या घरी असतो, त्यामुळे मी त्या दिवसांत रत्नागिरीत नव्हते. मुलाला वडिलांच्या आजाराचं माहीत होतं. तो फोनवर रोज चौकशी करायचा, औषधं पाठवायचा. मुलगा चांगला आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. विसर्जन झाल्यावर त्याने रजा वाढवली आणि दोघांनी मिळून दुकान हातात घेतलं. वडिलांना म्हणाला, तुम्ही घरी आराम करा, मी जरा साफसफाई करतो.

मी गावाहून परतले तर त्याचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "ताई, येऊन बघा तरी."

मी गेले आणि दारातच थबकले. दुकान लख्ख झालं होतं. पांढऱ्या ट्यूबा लावल्या होत्या. फळ्या पुसून रंगवल्या होत्या. कसर लागलेली, बुरशीने डागाळलेली पुस्तकं काढून टाकली होती. उरलेली सगळी लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावली होती, अ पासून ज्ञ पर्यंत, आणि प्रत्येक फळीवर छापलेली चिठ्ठी होती. नवरा-बायकोने रात्रंदिवस खपून ते केलं होतं, दोघांच्या हातांना अजून रंग होता. "आता एखादी मुलगी कामाला ठेवू," तो सांगत होता. "कोणीही उभं राहिलं तरी पुस्तक सापडेल. बाबांनी नुसतं बसायचं."

काका त्याच वेळी काकूंबरोबर आले. त्यांनी पहिल्यांदाच ते पाहिलं. गल्ल्याजवळ उभे राहून वर-खाली बघत राहिले. मुलगा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता, शाळेतलं बक्षीस घेऊन घरी आलेल्या पोरासारखा.

तेवढ्यात एक ओळखीचे निवृत्त गृहस्थ आले. त्यांना शब्दकोश हवा होता. काका सवयीने वळले, डाव्या बाजूच्या फळीकडे गेले आणि हात वर केला. हाताला पातळ पुस्तक लागलं. त्यांनी ते परत ठेवलं आणि शेजारचं काढलं, तेही नव्हतं. मग ते खालच्या फळीवर वाकले. त्यांचा हात पुस्तकांच्या पाठींवरून फिरत होता आणि कुठेच थांबत नव्हता.

"बाबा, तिकडे नाही," मुलगा म्हणाला. "तिसऱ्या कपाटात, वर. चिठ्ठी लावली आहे बघा."

काकांनी हात खाली घेतला. गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "शब्दकोश संपलाय."

"संपला कुठे? हा काय..." मुलाने पुढे होऊन कोश काढलासुद्धा. पण काका तोवर दुकानाच्या बाहेर पडले होते. पायरीवर त्यांना चप्पल सापडेना. एक पाय चपलेत आणि एक पाय मोकळा, असे ते तिथेच बसले.

काकू त्यांच्यामागे गेल्या. गृहस्थ कोश घेऊन निघून गेले. मुलगा माझ्याकडे वळला. "माझं काय चुकलं, ताई?"

मी त्याला सांगितलं. वडील पुस्तकं कशी शोधत होते, ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. काकांनी सांगितलं नव्हतं कारण त्यांना लाज वाटत होती. काकूंना वाटलं होतं, त्याला माहीत असेल. आणि मी तिथे नव्हते. तो ऐकत ऐकत स्टुलावर बसला. त्याची बायको रंगाची फडकी गोळा करत होती, ती थांबली.

बाहेरून काकांचा आवाज आला. ते काकूंना म्हणत होते, पण ऐकू आम्हाला येत होतं. "त्याने माझं दुकान पुसून टाकलं. सगळं पुसून टाकलं."

मुलगा उठून बाहेर गेला. "बाबा, मी परत लावतो. होतं तसं. तुम्ही सांगा, मी लावतो."

आम्ही खरंच प्रयत्न केला. मुलगा, सून, काकू आणि मी. चिठ्ठ्या काढल्या आणि पुस्तकं जमिनीवर उतरवली. काकांना मध्ये खुर्चीत बसवलं आणि विचारायला लागलो, इथे काय होतं? याच्या शेजारी काय? पहिल्या काही फळ्या त्यांनी भराभर सांगितल्या. मग ते अडकायला लागले. डोळे मिटायचे, हवेत हात उचलायचे, बोटं हलवायचे आणि पुन्हा खाली घ्यायचे. हाताला जे येत होतं ते तोंडाने सांगता येईना. काही जागांवरची पुस्तकं तर टाकून दिली होती, ती आठवली की ते अस्वस्थ व्हायचे. "तिथे एक लाल पाठीचं होतं. मऊ पडलेलं. ते कुठे आहे?" मुलगा मान खाली घालायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी काका म्हणाले, "पुरे. तुझी रजा संपली असेल." तो मुंबईला गेला.

दिवाळीत अंकांचे गठ्ठे आले आणि सुतळी न सोडता पडून राहिले. काका काही दिवस येऊन बसायचे, मग एक दिवसाआड यायला लागले. एकदा गिऱ्हाइकासमोर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानंतर ते आले नाहीत. उन्हाळ्यात मुलाने आई-वडिलांना विचारून जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका तरुणाला भाड्याने दिली. एका गावातल्या वाचनालयाने काही पुस्तकं नेली. मी माझ्यापुरती थोडी आणली. बाकीची रद्दीच्या टेम्पोत गेली.

टेम्पो भरत होता तेव्हा बाजारातले बरेच लोक जमले. त्यांतले कित्येक जण मला त्या दुकानात वर्षानुवर्षं दिसले नव्हते. "अरेरे, केवढं जुनं दुकान," म्हणत होते. एकाने मोबाइलवर फोटो काढला. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याच्यापुढे एक पुस्तक धरलं. "घेऊन जा. पैसे नकोत." तो म्हणाला, "नंतर येतो हां काकू, जरा घाईत आहे."

आजकाल मी पुस्तक हवं असलं की घरबसल्या मागवते, दुसरा मार्गच नाही. खोकं येतं. ते फोडताना मला कधी कधी वाटतं, आज एखादी नवी सून या गावात येत असेल तर संध्याकाळी ती जात कुठे असेल? मोबाइल घेऊन गच्चीवर बसत असेल कदाचित. मला माहीत नाही.

काकांकडे मी जात असते. बाप-लेकात बोलणं आहे. मुलगा दर महिन्याला येतो, वडिलांचे पाय चेपतो, पण दुकानाचा विषय दोघंही काढत नाहीत. सरकारी दवाखान्यात एक तरुण बाई येते, बोलण्याचे-वाचण्याचे व्यायाम घेते. तिने काकांना एक युक्ती दाखवली. अक्षर दिसलं तरी ओळखू येत नाही ना, मग बोटाने गिरवायचं. डोळा अक्षराच्या रेषेवरून जातो, तसं बोट मांडीवर फिरवायचं. हात अक्षर विसरलेला नाही, तो ओळखतो. काकांनी आधी धुडकावलं. "पाटी-पेन्सिलच आणून द्या आता," म्हणाले. मग काकूंनी एकदा मला हळूच सांगितलं, घरात कोणी नसताना ते तेलाच्या डब्यावरच्या अक्षरांसमोर बसून मांडीवर बोट फिरवत असतात.

गेल्या महिन्यात काकूंना माहेरी, मालगुंडला जायचं होतं. मीही निघाले सोबतीला. आम्ही तिघं एसटी स्टँडवर बाकावर बसलो होतो. एक गाडी येऊन समोर लागली. मी पाटी वाचली आणि उठणार तोच काकूंनी माझं मनगट धरलं. काका पाटीकडे बघत होते. त्यांचं बोट धोतरावर चालू होतं. कपाळावर घाम आला होता. ओठ हलत होते. "म... माल..." माणसं चढत होती. कंडक्टरने घंटी दिली. काकूंनी माझा हात सोडला नाही. गाडी मागे आली, वळली आणि फाटकातून बाहेर पडली. काका मान वळवून तिच्याकडे बघत राहिले.

"मालगुंड," ते म्हणाले.

"होय," काकू म्हणाल्या.

"म्हणजे आपलीच होती ना ती?"

"दुसरी येईल."

काकांनी रुमालाने कपाळ पुसलं. त्यांना आनंद झाला आहे की राग आला आहे, ते मला अजूनही सांगता येणार नाही. "उगाच खोळंबा केला तुमचा," ते पुटपुटले. मग शेजारच्या गाडीच्या पाटीकडे वळून त्यांनी पुन्हा मांडीवर बोट टेकवलं.